गौण विषय म्हणून इतिहास : व्यापारी घरांनी करावा असा एक विचार

बारावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील घराघरांत प्रवेशाची चर्चा सुरू होते. मुलगा अथवा मुलगी वाणिज्य शाखेला जाणार, हे बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते. सी. ए. करायचे, एम. बी. ए. करायचे की पदवी घेऊन पेढीवर बसायचे, एवढाच प्रश्न उरतो. अलीकडे मात्र या चर्चेत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. तो शब्द म्हणजे ‘मायनर’, अर्थात गौण विषय. मुलांनी या जागी इतिहासाचे नाव काढले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ‘सनावळ्या पाठ करून दुकान चालते का?’ हा प्रश्न मी सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांतील नातेवाइकांच्या घरी ऐकला आहे. प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर द्यावे, असे वाटले.

नियम काय सांगतो?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले. त्यानुसार महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी पदवी अभ्यासक्रमांचा नवा आराखडा ठरविला. तो स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. या आराखड्यात एक मुख्य विषय असतो आणि त्याच्या जोडीला एक गौण विषय. गौण विषयासाठी साधारण १८ ते २० श्रेयांक असून ते पहिल्या तीन वर्षांत पूर्ण करावयाचे असतात. हा विषय आपल्याच शाखेतील असू शकतो, तसाच दुसऱ्या शाखेतीलही असू शकतो. याखेरीज ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणजे खुला वैकल्पिक विषय असतो आणि तो मात्र मुख्य विषयाच्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो.

एका श्रेयांकासाठी साधारण १५ तासांचे अध्यापन धरतात. त्या हिशेबाने २० श्रेयांक म्हणजे तीन वर्षांत मिळून ३०० तास होतात. आमच्या वेळी ही सोय नव्हती. दहावीनंतर वाणिज्य शाखा घेतली की इतिहासाचे दार कायमचे बंद होत असे. आज ते दार निदान किलकिले झाले आहे.

‘गौण’ या शब्दाने मात्र अनेकांची दिशाभूल होते. गौण म्हणजे टाकाऊ, असा अर्थ आपण व्यवहारात लावतो. नयविचार ऐकून-वाचून माहीत असलेल्या आपल्या वाचकांना तरी हे वेगळे सांगावयास नको की, एक बाजू मुख्य धरून बोलताना दुसरी गौण ठेवली जाते, ती नाकारली जात नाही. वाणिज्य मुख्य आणि इतिहास गौण, ही मांडणी त्याच अर्थाने घ्यावी.

कर्जाचा इतिहास तपासणारा कायदा

व्यापाराशी इतिहासाचा संबंध काय, हे सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले व साताऱ्यातही त्याचे पडसाद उमटले. हल्ल्याचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जरोखे, हुकूमनामे आणि हिशेबाच्या वह्या हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. ज्या सावकारांनी कागद मुकाट्याने दिले, त्यांना बहुधा फारशी इजा झाली नाही. हे सावकार प्रामुख्याने मारवाडी आणि गुजराती होते व त्यांत जैन कुटुंबेही होती.

ही घटना आपल्या घरांत सहसा सांगितली जात नाही. सांगितली गेली तरी ‘तेव्हा आपल्या लोकांना लुटले’ एवढ्यावर ती संपते. दुसऱ्या बाजूला ‘सावकारांनी नाडले म्हणून लोक उठले’ एवढेच सांगितले जाते. इतिहासाचा विद्यार्थी या दोन्ही वाक्यांपाशी थांबत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, त्यामुळे आपल्याकडील कापसाचे भाव चढले आणि त्या भरवशावर खेड्यापाड्यांत कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन अनेक तालुक्यांत सारा वाढला. सावकारांचा हात आखडला, जुन्या बाकीचे तगादे सुरू झाले आणि जमिनी त्यांच्या नावे होऊ लागल्या. शेतकरी अक्षरशत्रू, कागद एकाच पक्षाच्या हाती आणि न्यायालय त्या कागदावर भरवसा ठेवणारे, अशी ती स्थिती होती. दोष नेमका कोणाचा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी सावकारीवर बोट ठेवतो, तर कोणी सरकारच्या साऱ्यावर. ते मतभेद समजून घेणे हाच अभ्यासाचा भाग आहे.

या दंग्यांची चौकशी होऊन १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो आरंभी पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव आणि खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते, हे येथे ध्यानात घ्यावे. या कायद्याने न्यायालयावर एक महत्त्वाची जबाबदारी टाकली. शेतकऱ्याचा अंगठा असलेला रोखा समोर आला की डोळे झाकून हुकूमनामा द्यावयाचा नाही. व्यवहार प्रथम कधी सुरू झाला, मूळ रक्कम किती, व्याज किती आकारले, मध्ये किती फेड झाली, हे सारे मुळापासून तपासावयाचे. थोडक्यात, प्रत्येक कर्जाचा इतिहास पाहणे न्यायाधीशाला बंधनकारक झाले. रकमेची पावती देणे, हिशेबाचा वार्षिक उतारा देणे आणि मागितल्यास पासबुक देणे, अशी कर्तव्ये सावकारावर आली.

मी सारी नोकरी बँकेत केली. पासबुक म्हणजे ग्राहकाला द्यावयाचे एक साधे पुस्तक, एवढेच नोकरीत येणाऱ्या तरुणाला माहीत असते. हिशेबाची प्रत ऋणकोच्याही हाती असावी, या साध्या तत्त्वासाठी आपल्याच जिल्ह्यांत कधी काळी कायदा करावा लागला, हे कळले की त्या पुस्तकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. उधारी देणाऱ्या आणि घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने ही कथा दोन्ही बाजूंनी जाणून घ्यावी. गावाचा विश्वास पेढीच्या तिजोरीइतकाच मोलाचा असतो आणि तो कशाने तुटतो, याचा यापेक्षा स्पष्ट धडा दुसरा नाही.

पुरावा वाचण्याची शिस्त

इतिहास म्हणजे सनावळ्या, हा समज शाळेतील प्रश्नपत्रिकांनी करून दिला आहे. महाविद्यालयात हा विषय नीट शिकविला गेला तर तेथे मुख्यतः पुराव्याचा अभ्यास असतो. कागद अस्सल की नक्कल? कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला? लिहिणाऱ्याला त्या घटनेची माहिती प्रत्यक्ष होती की ऐकीव? त्याचा काही स्वार्थ होता काय? दुसऱ्या स्वतंत्र कागदाने त्याला दुजोरा मिळतो काय? कागद कशाविषयी गप्प आहे?

कर्ज विभागात काम केलेल्या कोणालाही हे प्रश्न ओळखीचे वाटतील. अर्जदार मालसाठ्याचे पत्रक देतो. ते त्याने स्वतःच भरलेले असते. म्हणून अधिकारी ते खरेदीच्या बिलांशी, वाहतुकीच्या पावत्यांशी, विजेच्या देयकांशी आणि खात्यावरील उलाढालीशी ताडून पाहतो. गोदामात जाऊन पोती मोजतो. चार कागद एकच गोष्ट सांगू लागले म्हणजे विश्वास ठेवतो आणि एक कागद वेगळे बोलू लागला तर तेथे थांबतो. इतिहासकाराची पद्धत याहून निराळी नाही. त्याच्यासमोर अर्जदार नसतो, एवढाच फरक. आज मोबाईलवर दर तासाला एखादा ‘खरा इतिहास’ येऊन पडतो आणि तो पुढे पाठविताना कोणी पुरावा मागत नाही. ज्या घरात जमा-नावे जुळल्याशिवाय दिवस संपत नाही, त्या घरातील मुलांनी या बाबतीतही तीच शिस्त पाळावी.

ज्यांचा मुख्य व्यवसाय दुसराच होता

मराठ्यांच्या इतिहासाचे काम करणाऱ्या कित्येकांची उपजीविका दुसऱ्याच कामावर चालत असे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जेम्स ग्रँट डफ हा १८१८ साली साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून आला. कारभार पाहत असताना त्याने कागदपत्रे जमविली आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्या अनेक मतांचे पुढे आपल्या विद्वानांनी खंडन केले, परंतु खंडनासाठी त्यांनाही कागदच शोधावे लागले. वाई येथे सापडलेल्या पत्रांच्या आधारे वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे शाळेत संस्कृत शिकवीत. त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील हजारो कागदांतून निवड करून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडाखंडाने प्रसिद्ध केला. शाळेची नोकरी सांभाळून एका माणसाने केलेले हे काम आहे.

आपल्या समाजातही ही परंपरा आहे. अण्णासाहेब लठ्ठे हे वकील, कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात अर्थमंत्री. त्यांचे नाव धारण करणारी शिक्षणसंस्था सांगलीत आहे, पण त्यांनी १९२४ साली राजर्षी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिले, हे थोड्यांनाच ठाऊक असते. डॉ. विलास संगवे यांचा विषय समाजशास्त्र. जैन समाजावरील त्यांचा पाहणीग्रंथ १९५९ सालचा. त्यांनीच पुढे शिवाजी विद्यापीठात शाहू महाराजांच्या कागदपत्रांच्या संपादनाचे काम केले.

याहून जुने उदाहरण उत्तरेतील बनारसीदासांचे. जौनपूरच्या श्रीमाळ जैन व्यापारी घराण्यात १५८६ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ नावाचे पद्यमय आत्मचरित्र लिहिले. अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता १६०५ साली जौनपुरात पोहोचताच बाजार कसा बंद झाला, लोकांनी दागिने कसे लपविले, धन कसे पुरून ठेवले आणि आग्र्याहून नव्या बादशहाची खबर आल्यावर सारे कसे पूर्ववत झाले, याचे वर्णन त्यात आहे. दरबारी बखरकारांना सिंहासन दिसत होते. दुकानाच्या फळ्या लागताना पाहिल्या त्या एका व्यापाऱ्याने, आणि त्याने ते लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला कळते.

सातारा-सांगलीत अभ्यासाला काय आहे?

गौण विषयात प्रकल्प करावयाचा झाला तर या दोन जिल्ह्यांत सामग्रीची वाण नाही. मुळात हे दोन जिल्हे वेगळे कसे झाले, येथूनच आरंभ करता येईल. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन काही तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला भावणारे विषय तर पुष्कळ आहेत. हळद बाहेरच्या प्रांतांतूनही सांगलीत येते, मग तिची बाजारपेठ येथेच का वाढली? हरिपूर परिसरातील जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे टिकत असे. त्या पेवांचा या व्यापारात वाटा किती? २००५ च्या महापुरात ती उद्ध्वस्त झाल्यावर साठवणुकीची पद्धत कशी बदलली? हे सारे सांगू शकणारे आडते आणि हमाल अजून हयात आहेत. त्यांच्या आठवणी आज नोंदविल्या नाहीत तर उद्या त्या मिळणार नाहीत.

दुसरा विषय बँकांचा. सांगली बँक १९१६ साली आणि साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ साली स्थापन झाली. दोन्ही बँका स्थानिक भांडवलावर आणि स्थानिक विश्वासावर उभ्या राहिल्या. युनायटेड वेस्टर्नचे २००६ साली आयडीबीआयमध्ये आणि सांगली बँकेचे २००७ साली आयसीआयसीआयमध्ये विलीनीकरण झाले. सत्तर आणि नव्वद वर्षांच्या या संस्थांनी कोणत्या पेठेला, कोणत्या उद्योगाला आधार दिला, याचा मागोवा घेणारा प्रकल्प एखाद्या विद्यार्थ्याने जरूर करावा. सभासदांचे जुने अहवाल आणि भागपत्रे आपल्याच घरांत सापडतील.

तिसरा विषय कर्मवीर भाऊराव पाटलांचा. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी किर्लोस्कर आणि ओगले यांच्या मालाची विक्री करीत गावोगाव प्रवास केला. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. या विक्रेत्याच्या फिरतीतून त्यांना खेड्यांची कोणती ओळख झाली आणि तिचा संस्थेला कसा उपयोग झाला, हा प्रश्न पुतळ्याला हार घालून सुटत नाही. तसेच १९४३ ते १९४६ या काळातील साताऱ्याच्या प्रतिसरकारचे. त्याच्या न्यायदान मंडळांनी गावांतील जमिनीचे आणि कर्जाचे तंटे मिटविले. व्यापारी घरांनी तो काळ कसा पाहिला, याची नोंद फारशी झालेली नाही.

आक्षेप आणि व्यवहार

याने नोकरी मिळेल काय, हा प्रश्न रास्त आहे. केवळ गौण विषय म्हणून घेतलेल्या इतिहासावर नोकरी मिळेल, अशी आशा कोणी धरू नये. स्पर्धा परीक्षांच्या सामान्य अध्ययनात त्याचा उपयोग होतो, कायद्याकडे वळणाऱ्यांना होतो, पत्रकारिता आणि पर्यटन या क्षेत्रांतही होतो. पण तो मुख्य लाभ नव्हे. सी. ए. परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याने वेळेचे गणितही मांडावे. आर्टिकलशिप आणि महाविद्यालय यांची ओढाताण असताना अंतर्गत प्रकल्प आणि उपस्थितीचा भार पेलणार आहे काय, हे आधी पाहावे. वाणिज्याच्या प्रत्येक महाविद्यालयात इतिहास हा गौण विषय म्हणून उपलब्ध असेलच असे नाही, तेव्हा प्रवेशापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे. तो नसल्यास खुल्या वैकल्पिक विषयांच्या यादीत पाहावे. ती निवड दुसऱ्या शाखेतूनच करावयाची असल्याने तेथे संधी मिळण्याचा संभव अधिक.

विषय शिकविणारे अध्यापक कोण आहेत, ते विद्यार्थ्यांना मूळ कागद दाखवितात की केवळ टिपणे देतात, याचीही चौकशी करावी. चांगला अध्यापक नसेल तर कोणताही विषय पाठांतराचा होतो.

आपल्या माळ्यावरचे दप्तर

शेवटी जे सांगावयाचे ते घरातील वह्यांविषयी. लाल कापडात बांधलेल्या कीर्दी, खतावण्या आणि रोजमेळ अनेक घरांच्या माळ्यावर पडून आहेत. कर कायद्याची मुदत संपली, जागा अडते, म्हणून त्या रद्दीत जातात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगलीच्या पेठा पाण्याखाली गेल्या. कागदाला पाणी लागले की तो फार काळ टिकत नाही. शिवाय जुन्या वह्या मोडीत किंवा महाजनी वळणाच्या अक्षरांत आहेत. ती अक्षरे वाचणारी आजोबांची पिढी आता आपल्यातून जात आहे. वही राहिली आणि वाचणारा गेला तर ती केवळ कागदाची गठडी होते.

या वह्यांत धान्याचे भाव आहेत, गाडीभाडे आहे, मुनिमाचा पगार आहे, दुष्काळातील उधारी आहे, पाठशाळेला दिलेली देणगी आहे. कोणत्या गावच्या, कोणत्या समाजाच्या माणसांशी आपला व्यवहार होता, हेही त्यांत आहे. १८७५ साली शेकडो वह्या जळाल्या. ज्या उरल्या, त्या आपण किलोच्या भावाने विकू नयेत.

घरातील विद्यार्थ्याला एक काम द्यावे. वह्यांची यादी करावी. कालगणना जुळविण्यापासून सुरुवात होते. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले की बहुधा इसवी सन येतो, वर्षाअखेरीच्या महिन्यांत ७९. दिवाळीपासून सुरू होणाऱ्या विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा करावेत, वीर निर्वाण संवतातून ५२७ किंवा ५२६. म्हणजे २०२५ च्या दिवाळीत पूजिलेल्या वहीवर विक्रम संवत २०८२, वीर निर्वाण संवत २५५२ आणि शके १९४७ असे तीनही आकडे जुळतात. पुढे प्रत्येक वहीच्या निवडक पानांची छायाचित्रे मोबाईलवर घ्यावीत आणि त्यांना वर्ष व गाव यांची नावे द्यावीत. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, त्याने कागद कायमचा बिघडतो. कोरड्या जागी, जमिनीपासून उंच, सुती कापडात बांधून ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांना समोर बसवून एकेक खाते वाचून घ्यावे आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित करावे. ज्या खात्यांत कुळांची खासगी माहिती आहे, ती जाहीर करताना नावे झाकावीत, ही सभ्यता पाळावी. अशा कामाला महाविद्यालयाच्या प्रकल्पाची जोड मिळाली तर विद्यार्थ्याला गुण मिळतील आणि घराला आपले दप्तर मिळेल.

येत्या लक्ष्मीपूजनाला नवी वही मांडताना एखादी जुनी वहीही शेजारी ठेवावी आणि घरातील मुलांना तिचे एक पान वाचावयास सांगावे. ते त्यांना वाचता आले नाही, तर प्रवेश अर्जातील त्या रकान्यात काय लिहावे, याचा विचार पुन्हा एकदा जरूर करावा.